अक्षरार्थ आणि अक्षरनिष्ठा : रामकृष्ण गोपाळ भांडारकर

१८९१ च्या आरंभी संमतिवयाच्या विधेयकावरून महाराष्ट्रात जो वाद माजला, त्याचे स्वरूप वरवर पाहता राजकीय होते. परकीय सरकारने हिंदूंच्या गृहजीवनात हात घालावा की नाही, हा त्यातील दर्शनी प्रश्न होय. परंतु या वादाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला होता आणि तो अधिक जुना व अधिक चिवट होता. धर्मग्रंथातील वचन हे आजच्या आचरणाचा शब्दशः आदेश मानावयाचे, की ते एका विशिष्ट काळातील समाजाने आपल्यासाठी घडविलेल्या नियमाचा पुरावा समजावयाचे, असा तो प्रश्न होता. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे चरित्र म्हणजे या दुसऱ्या प्रश्नाशी घातलेली जवळजवळ सत्तर वर्षांची सोबत आहे. प्राच्यविद्यापंडित म्हणून त्यांची जी प्रतिमा रूढ झाली, तिच्या भाराखाली ही बाजू काहीशी दबून गेली आहे.

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. वडील महसूल खात्यात कारकून होते. त्यांच्या बदलीमुळे कुटुंब रत्नागिरीस आले आणि तेथील शाळेत इंग्रजी शिक्षणाची सोय झाली. १८५३ मध्ये ते मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले, तेव्हा त्यांचा ओढा गणिताकडे होता; दादाभाई नौरोजी हे त्या विषयाचे त्यांचे अध्यापक. संस्कृत ही त्यांची बालपणापासूनची विद्या नव्हती, ही गोष्ट मुद्दाम ध्यानी घ्यावयास हवी. वैदिक घराण्यातील मुलाप्रमाणे त्यांनी मंत्र आधी कंठस्थ केले आणि अर्थ मागाहून जाणला, असे घडले नाही. शिक्षण खात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या सूचनेवरून ते ऐन तारुण्यात संस्कृतकडे वळले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जुन्या परंपरेतील शास्त्र्यांच्या हाताखाली व्याकरण शिकले. पाणिनीय शिस्त त्यांना शास्त्र्यांकडून मिळाली, पण ग्रंथाविषयीचा भयमिश्रित आदर त्या शिस्तीबरोबर आला नाही. आधी गणित आणि मग व्याकरण हा क्रम त्यांच्या पुढील लेखनात पदोपदी जाणवतो.

मुंबईच्या विद्यार्थिदशेतच त्यांचा परमहंस सभेशी संबंध आला. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्या प्रेरणेने १८४९ मध्ये स्थापन झालेली ही सभा गुप्त होती आणि जातिभेद मोडण्याचा तिचा निर्धार सभासदांच्या सहभोजनापलीकडे फारसा गेला नाही. १८६० च्या सुमारास ती विस्कळीत झाली. गुप्ततेवर उभी असलेली सुधारणा उजेडात टिकत नाही, हा धडा त्या पिढीने येथे घेतला असावा. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. तीत महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांच्यासमवेत भांडारकर होते. पुढे काही काळ त्यांनी सिंधमधील हैदराबाद व रत्नागिरी येथे मुख्याध्यापकाचे काम केले. त्यांच्या संस्कृतच्या दोन पाठ्यपुस्तकांवर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. एल्फिन्स्टन कॉलेजातील संस्कृतच्या अध्यापकपदावर त्यांनी हंगामी काम केले, परंतु कायम नेमणूक पीटरसन यांना मिळाली. कीलहॉर्न जर्मनीस परतल्यावर १८८२ मध्ये भांडारकर डेक्कन कॉलेजात आले आणि १८९३ मध्ये निवृत्त झाले. १८८४ मध्ये दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, १८८५ मध्ये गटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली आणि १८८६ मध्ये ते व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेस गेले. हा सगळा तपशील सर्वपरिचित आहे.

३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत प्रार्थना समाजाची स्थापना झाली. १८६९ मध्ये भांडारकर व रानडे तिचे सभासद झाले. समाजाच्या मूलतत्त्वांनुसार कोणताही एक ग्रंथ संपूर्णतः ईश्वरप्रणीत व प्रमादरहित मानण्यात येत नव्हता. उपासनेच्या वेळी भांडारकर जी मराठी प्रवचने करीत, ती पुढे त्यांच्या धर्मपर लेख व व्याख्यानांच्या संग्रहात आली. उपनिषदे, गीता आणि तुकारामाचे अभंग हा त्यांचा नित्याचा आधार. या प्रवचनांची मराठी अनलंकृत, किंबहुना थोडी कोरडी आहे. तुकारामाचा अभंग हाती आला म्हणजे मात्र त्यांचे वाक्य सैल होते आणि भक्ताचा स्वर क्षणभर पंडिताच्या स्वरावर मात करतो. वचनाला आज्ञा न मानणारा हा वाचक वचनाने हेलावत होता. श्रद्धेचा अभाव म्हणजे चिकित्सा, असे समीकरण मांडणाऱ्यांनी ही प्रवचने अवश्य वाचावीत.

१८८८ मध्ये मुंबईत दिलेल्या व्याख्यानात त्यांनी चिकित्सक, तुलनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचे विवरण केले. ग्रंथ हा साक्षीदार आहे. तो कोणत्या काळी बोलतो, कोणाच्या बाजूने बोलतो आणि दुसरा साक्षीदार त्याला दुजोरा देतो का, हे तपासल्याखेरीज निर्णय देता येत नाही, असा या पद्धतीचा मथितार्थ सांगता येईल. युरोपीय पंडितांच्या मतांनाही त्यांनी हीच कसोटी लावली. तीन वर्षांनी ही पद्धत त्यांना वर्गाबाहेर, चव्हाट्यावर वापरावी लागली.

त्यामागील घटना बंगालमधील होती. फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या समागमामुळे मृत्यू पावली आणि १८९० मध्ये कलकत्त्यास खटला उभा राहिला. १८६० च्या दंडसंहितेत पत्नीच्या बाबतीत वयाची मर्यादा दहा वर्षे होती. मुलीने ती ओलांडलेली असल्याने पतीवर बलात्काराचा आरोप टिकला नाही. त्याला किरकोळ शिक्षा झाली. बेहरामजी मलबारी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध चळवळ करीत होतेच. ९ जानेवारी १८९१ रोजी ही मर्यादा बारा वर्षांवर नेणारे विधेयक कायदेमंडळात मांडले गेले. सनातन पक्षाचा आक्षेप नेमका होता. प्रथम ऋतुदर्शनानंतरच्या सोळा रात्रींत गर्भाधान करावे असे शास्त्र सांगते. मुलीस बारा वर्षांपूर्वी ऋतू प्राप्त झाला तर कायदा पाळणाऱ्यास संस्कार बुडवावा लागेल आणि संस्कार पाळणाऱ्यास तुरुंगात जावे लागेल. ऋतुमती पत्नीकडे न जाणाऱ्यास भ्रूणहत्येचे पाप लागते, हे स्मृतिवचन या आक्षेपाच्या टोकाशी होते. एका बालिकेचे शरीर आणि एक वचन यांची तुलना करण्याची वेळ आली, तेव्हा विद्वानांच्या सभांतून वचनाचे पारडे जड ठरू लागले. वचनाचा शब्दशः अर्थ धरून बसण्यातील धोका याहून उघड स्वरूपात क्वचितच प्रकट झाला असेल.

त्याच वर्षी भांडारकरांनी हिंदू धर्मशास्त्रानुसार विवाहाचे व गर्भाधानाचे वय या विषयावर आपले टिपण प्रसिद्ध केले. त्यांच्या युक्तिवादाचा मोठा भाग वचनांच्या कालानुक्रमावर उभा आहे. गृह्यसूत्रांतील विवाहविधीत तीन रात्री ब्रह्मचर्य पाळून चौथ्या रात्री पतिपत्नींनी एकत्र यावे असे सांगितलेले आहे. वधू प्रौढ असल्याखेरीज हा विधी निरर्थक ठरतो. अर्थात सूत्रकाळी प्रौढविवाह रूढ होता. कन्येने ऋतुप्राप्तीनंतर तीन वर्षे वाट पाहून स्वतः वर शोधावा, अशी मुभा मनुस्मृतीतही आहे. आठ वर्षांच्या कन्येस गौरी म्हणणारी आणि दहानंतर अविवाहित राहिलेल्या मुलीच्या पित्यास नरकाची भीती घालणारी वचने या परंपरेत नंतरची होत. विवाहाचे वय खाली आले आणि जुना चतुर्थीविधी ऋतुप्राप्तीची वाट पाहत लांबणीवर पडला. त्यातून गर्भाधानाचा सोहळा स्वतंत्रपणे उभा राहिला. हा संस्कार पहिल्याच ऋतूत झाला नाही तरी तो नष्ट होत नाही, पुढे करता येतो, असे प्रतिपादन करून त्यांनी आक्षेपाची धार काढून घेतली.

येथे एक शब्द बारकाईने पाहण्यासारखा आहे. विवाहयोग्य कन्येसाठी काही सूत्रांत नग्निका हे पद येते. ऋतू न आलेली लहान मुलगी, असा त्याचा सरधोपट अर्थ रूढ होता. परंतु या पदाविषयी टीकाकारांत एकमत नाही. पाठांतही भेद आहेत आणि प्रौढत्वाच्या उंबरठ्यावरील कन्या असाही अर्थ परंपरेत सापडतो. तेव्हा अक्षराला चिकटून बसणारे प्रत्यक्षात अक्षराकडे पाहतच नव्हते, असे म्हणावे लागते. ते एका उत्तरकालीन निबंधाने लावलेला अर्थ मूळ अक्षर म्हणून पुढे करीत होते. पदाचा नेमका अर्थ शोधण्याच्या बाबतीत भांडारकर आपल्या प्रतिपक्षापेक्षा अधिक अक्षरार्थी होते. अक्षरार्थ ही वाचनाची शिस्त आहे, अक्षरनिष्ठा ही सत्तेपुढील शरणागती आहे. मराठीत या दोहोंसाठी सैलपणे एकच शब्द वापरला जातो आणि गोंधळ तेथून सुरू होतो.

बाळ गंगाधर टिळकांनी या टिपणावर कडाडून टीका केली. टिळक स्वतः संस्कृतज्ञ असल्यामुळे हा सामना बरोबरीचा होता. गर्भाधान हे नित्यकर्म आहे आणि निबंधकारांनी एकवाक्यतेने लावलेला अर्थ एका आधुनिक अध्यापकाला झुगारता येणार नाही, असा त्यांचा रोख होता. ही टीका निव्वळ हटवादी म्हणून बाजूस सारता येत नाही. मीमांसेच्या दृष्टीने पाहिले तर टीकाकारांची परंपरा हीच वचनाच्या अर्थाची हमी असते. ती परंपरा ओलांडून मुळाकडे जाण्याचा अधिकार कोणाला, हा टिळकांचा प्रश्न रास्त होता. त्यांच्या बाजूने न्यून राहिले ते अन्यत्र. हा सर्व खल ज्या मुलीविषयी होता, तिच्या वेदनेला त्या युक्तिवादात स्थानच नव्हते.

दुसऱ्या बाजूने गोपाळ गणेश आगरकरांची भूमिका होती. जी गोष्ट बुद्धीला अन्याय्य दिसते ती सोडण्यासाठी शास्त्राचा दाखला कशाला हवा, असे त्यांचे म्हणणे. भांडारकरांपुरते हे म्हणणे विशेषच बोचणारे आहे. ग्रंथ प्रमादरहित नाही असे मानणाऱ्या प्रार्थनासमाजिष्टाने स्मृतिवचनांचा एवढा खटाटोप का करावा? आपल्याला अमान्य असलेल्या प्रमाणावर वाद लढविला म्हणजे ते प्रमाण मान्य केल्यासारखे होत नाही काय? विधवाविवाहाच्या वादात विष्णुशास्त्री पंडितांनी पराशराच्या वचनाचा आधार घेतला आणि १८७० च्या पुण्यातील वादसभेत निर्णय त्यांच्याविरुद्ध गेला, हे उदाहरण समोर होते. वचनाने वचन खोडण्याच्या खेळात पंच नेहमी जुन्या पक्षाचे असतात. भांडारकरांचे टिपण या दोषापासून पूर्णपणे मुक्त नाही. मात्र त्यातील ऐतिहासिक क्रम स्वीकारला की कोणतेच वचन सार्वकालिक आज्ञा राहत नाही, आणि म्हणून त्या टिपणाचा परिणाम त्यातील निष्कर्षांपेक्षा दूरवर जाणारा होता. टिळकांना हे बरोबर दिसले असावे. त्यांच्या विरोधाच्या तीव्रतेचे एक कारण येथे आहे.

१९ मार्च १८९१ रोजी विधेयक संमत झाले. त्याच सुमारास भांडारकरांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह घडवून आणला. स्वजातीयांचा रोष त्यांनी पत्करला. रानड्यांनी पंचहौद मिशनमधील चहापानाच्या प्रकरणात पुढे प्रायश्चित्त घेतले, ही गोष्ट शेजारी ठेवली म्हणजे दोन मित्रांच्या स्वभावातील अंतर कळून येते. रानडे समाजाला बरोबर घेऊन चालू पाहत. भांडारकरांना निर्णय झाल्यावर वाट पाहणे जमत नसे. बालविवाहाच्या इतिहासाचा विषयही त्यांनी सोडला नाही. १८९३ मध्ये जर्मन पंडित योली यांना उत्तर देताना तोच प्रश्न त्यांनी जर्मनीतील प्राच्यविद्येच्या नियतकालिकातून पुन्हा मांडला. तेथे ना सभा उधळण्याची भीती होती, ना टाळ्यांची अपेक्षा.

१८९३ ते १८९५ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९१३ मध्ये वैष्णव, शैव व इतर संप्रदायांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठीच्या अभ्यासकांना त्यातील नामदेवाच्या काळाची चर्चा परिचित आहे. नामदेवाची भाषा ज्ञानेश्वरीच्या मानाने अर्वाचीन दिसते, म्हणून नामदेव ज्ञानेश्वरांचा समकालीन नसून सुमारे शतकभर नंतरचा असावा, असे अनुमान त्यांनी केले. पुढील संशोधनाने ते बहुतांशी स्वीकारले नाही. अभंग मुखपरंपरेने वाहत आले, गाणाऱ्याच्या तोंडी त्यांची भाषा पिढीगणिक बदलत गेली. छापील गाथेतील रूप हे कवीचे रूप नव्हे. म्हणजे ज्या पंडिताने स्मृतिवचनाच्या अक्षरामागील काळाचे थर उलगडले, तोच गाथेतील अक्षरापाशी येऊन थांबला. चिकित्सेची पद्धत हाती असूनही तिचा विसर कोठे पडेल हे सांगता येत नाही.

अखेरच्या वर्षांत ते पुण्यात होते. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी संस्थेस दिला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या प्रेरणेने संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. १ एप्रिल १९१९ रोजी भांडारकरांच्या हस्ते या कार्यास प्रारंभ झाला, तो नारायणास वंदन करणाऱ्या सुप्रसिद्ध मंगलश्लोकाचे पाठभेद नोंदवून. २४ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा आदिपर्वाचे काम चालू होते. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनाखाली ते पर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. घरोघरीच्या पारायणात महाभारताचा आरंभ म्हणून शतकानुशतके म्हटला गेलेला तो मंगलश्लोक दाक्षिणात्य परंपरेच्या हस्तलिखितांत आढळत नाही, हे तोवर पाठसंकलनातून स्पष्ट झाले होते.