पेल्लेग्रिनो आर्तुझी

पेल्लेग्रिनो आर्तुझी (जन्म : ४ ऑगस्ट, इ.स. १८२०, फोर्लिंपोपोली, मृत्यू : ३० मार्च, इ.स. १९११, फ्लोरेन्स) हे इटालियन व्यापारी, लेखक आणि पाकग्रंथकार होते. 'स्वयंपाकातील शास्त्र आणि उत्तम भोजनाची कला' या अर्थाचे शीर्षक असलेला त्यांचा इ.स. १८९१ मधील ग्रंथ हा इटलीतील घरगुती स्वयंपाकाचा सर्वांत प्रभावी ग्रंथ मानला जातो. आर्तुझी व्यावसायिक आचारी नव्हते. देशाच्या निरनिराळ्या भागांतील गृहिणींनी व वाचकांनी पत्रांतून कळवलेल्या पाककृती घरी करून पाहून त्यांनी हा ग्रंथ वीस वर्षे वाढवत नेला. पहिल्या आवृत्तीतील ४७५ पाककृतींची संख्या त्यांच्या हयातीच्या अखेरीस ७९० झाली होती.

बालपण आणि शिक्षण

आर्तुझी यांचा जन्म रोमान्या प्रांतातील फोर्लिंपोपोली या लहान गावात झाला. त्या काळी हा प्रदेश पोपच्या राज्यात मोडत असे. वडील आगोस्तिनो यांचे किराणा व औषधी द्रव्यांचे दुकान होते. आईचे नाव तेरेझा जिउंकी. कुटुंब मोठे व सुस्थितीतील होते. पेल्लेग्रिनो यांचे शिक्षण जवळच्या बेर्तिनोरो येथील धार्मिक विद्यालयात झाले. तरुणपणी बोलोन्या शहरात त्यांचा विद्यार्थ्यांच्या वर्तुळात वावर असे. तेथील एका खाणावळीत क्रांतिकारक फेलिचे ओर्सिनी यांची भेट झाल्याची आठवण त्यांनी पुढे मॅकरोनीच्या एका पाककृतीत सांगितली आहे. याच ओर्सिनी यांनी इ.स. १८५८ मध्ये फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्या हत्येचा प्रयत्न केला.

इ.स. १८५१चा दरोडा

२५ जानेवारी, इ.स. १८५१ च्या रात्री स्तेफानो पेल्लोनी या कुख्यात दरोडेखोराच्या टोळीने फोर्लिंपोपोली ताब्यात घेतले. 'नावाडी' या अर्थाच्या टोपणनावाने तो ओळखला जाई. नाटकगृहात जमलेल्या प्रतिष्ठित कुटुंबांना टोळीने ओलीस धरले आणि श्रीमंतांची घरे लुटली. आर्तुझींचे घरही त्यातून सुटले नाही. पेल्लेग्रिनो यांची बहीण जेर्त्रूदे हिच्यावर अत्याचार झाले. या आघाताने तिचे मानसिक संतुलन कायमचे बिघडले आणि पुढे तिला मनोरुग्णालयात ठेवावे लागले. त्याच वर्षी मार्च महिन्यात पेल्लोनी पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. परंतु आर्तुझी कुटुंबाने गाव सोडण्याचा निर्णय घेतला आणि ते फ्लोरेन्स येथे स्थायिक झाले. पेल्लेग्रिनो यांचे उर्वरित आयुष्य याच शहरात गेले.

व्यापार आणि साहित्य

आर्तुझी यांनी प्रथम लिव्होर्नो येथील एका व्यापारी पेढीत काम केले व नंतर फ्लोरेन्समध्ये स्वतःचा व्यवसाय उभारला. रेशमाच्या व्यापारात व सावकारी व्यवहारांत त्यांनी चांगली संपत्ती मिळवली आणि पन्नाशीच्या आसपास व्यापारातून निवृत्ती घेतली. ते अविवाहित राहिले. फ्लोरेन्समधील आझेल्यो चौकातील घरात त्यांनी वाचन, लेखन आणि स्वयंपाकातील प्रयोग यांत उत्तरायुष्य व्यतीत केले.

त्यांची मूळ आकांक्षा साहित्यिक होण्याची होती. कवी उगो फोस्कोलो यांचे त्यांनी लिहिलेले चरित्र इ.स. १८७८ मध्ये, तर जुझेप्पे जुस्ती यांच्या तीस पत्रांवरील टिपणे इ.स. १८८१ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही पुस्तकांकडे वाचकांनी फारसे लक्ष दिले नाही.

पाकग्रंथाचे प्रकाशन

पाकग्रंथाचे हस्तलिखित स्वीकारण्यास प्रकाशक तयार झाले नाहीत. आर्तुझी यांचे परिचित असलेल्या एका प्राध्यापकांनी तर या पुस्तकाला यश मिळणार नाही, असे भाकीत केले होते. अखेर वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी आर्तुझी यांनी स्वखर्चाने १,००० प्रती छापून घेतल्या. फोर्लिंपोपोलीतील एका धर्मादाय सोडतीसाठी त्यांनी दोन प्रती भेट दिल्या. पण ज्यांना त्या मिळाल्या त्यांनी त्या तंबाखूच्या दुकानदाराला विकून टाकल्या. हे सर्व प्रसंग आर्तुझी यांनी नंतरच्या आवृत्तींच्या प्रस्तावनेत विनोदाने नोंदवले असून आपल्या पुस्तकाची कथा सिंड्रेलाच्या कथेसारखी असल्याचे म्हटले आहे. पहिल्या हजार प्रती संपण्यास काही वर्षे लागली. पुढे मात्र मागणी झपाट्याने वाढली आणि इ.स. १९११ पर्यंत ग्रंथाच्या पंधरा आवृत्त्या निघाल्या. कवी ओलिंदो ग्वेरिनी आणि शास्त्रज्ञ पाओलो मांतेगाझा यांनी ग्रंथाची प्रशंसा केली होती.

वाचकांचा सहभाग

ग्रंथाची विक्री लेखकाच्या घरूनच टपालाने होत असे. त्यामुळे वाचकांना लेखकाचा पत्ता ठाऊक होता आणि त्याच पत्त्यावर त्यांची पत्रे येऊ लागली. कोणी शंका विचारी, कोणी एखादा पदार्थ राहून गेल्याचे कळवी, तर कोणी आपल्या घरची कृती पाठवी. आर्तुझी अशी कृती तशीच छापत नसत. ती आपल्या स्वयंपाकघरात करून पाहिल्यावर आणि जरूर तेथे प्रमाण बदलल्यावरच ते तिला पुढील आवृत्तीत स्थान देत. नापोलीच्या पद्धतीची मॅकरोनी हे याचे उदाहरण आहे. ती त्यांनी सांता मारिया काप्वा वेतेरे येथील एका कुटुंबाच्या कृतीवरून दिली. त्यातील चवींचे मिश्रण न पटल्याने ती करून पाहण्याबाबत आपण बराच काळ साशंक होतो, परंतु प्रत्यक्षात पदार्थ वाईट झाला नाही, असे त्यांनी मोकळेपणाने नमूद केले आहे.

प्रत्यक्ष स्वयंपाकाचे काम मुख्यतः दोन व्यक्तींनी केले : फोर्लिंपोपोलीचे फ्रांचेस्को रुफिल्ली आणि तोस्कानातील मास्सा ए कोत्सिले या गावच्या मारिएत्ता साबातिनी. मारिएत्ता यांनी करून दाखवलेल्या पानेत्तोने या गोड पावाला आर्तुझी यांनी त्यांचेच नाव दिले आणि तो बाजारात मिळणाऱ्या मिलानच्या पानेत्तोनेपेक्षा सरस असल्याचे मत मांडले.

लेखनशैली

ग्रंथातील पाककृतींना क्रमांक दिलेले असून बहुतेक ठिकाणी साहित्याची मापे ग्रॅममध्ये आहेत. रोमान्यातील काप्पेल्लेत्ती हा सारण भरून टोपीच्या आकारात दुमडलेला पास्त्याचा प्रकार आहे. त्याच्या सारणासाठी १८० ग्रॅम रिकोत्ता चीज, ३० ग्रॅम किसलेले पार्मेझान, कोंबड्याचे मांस, अंडी, जायफळ व लिंबाची साल असे साहित्य दिले आहे. पीठ केवळ अंड्यांत मळावे, असे सांगून कापायच्या चकतीचा आकार कळावा म्हणून पानावर वर्तुळही छापले आहे. नाताळच्या दिवशी रोमान्यात शंभर काप्पेल्लेत्ती खाल्ल्याची फुशारकी मारणारे लोक भेटत, याची थट्टाही त्याच पाककृतीत आहे.

अशा आठवणी, किस्से आणि मते ग्रंथभर विखुरलेली आहेत. टोमॅटोच्या सॉसच्या पाककृतीत सगळ्यांच्या घरगुती बाबींत नाक खुपसणाऱ्या आणि म्हणून गावकऱ्यांनी टोमॅटोचे नाव दिलेल्या एका पाद्र्याची गोष्ट येते. मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सूपच्या पाककृतीत इ.स. १८५५ मधील लिव्होर्नोची हकिगत आहे. तेथे हे सूप खाल्ल्यावर रात्री पोट बिघडले, म्हणून आर्तुझी यांनी दोष सुपाला दिला व ते फ्लोरेन्सला परतले. नंतर शहरात पटकीची साथ पसरल्याचे आणि ते उतरले होते त्या घराचा मालक तिला बळी पडल्याचे त्यांना कळले. वांग्यासंबंधी लिहिताना त्यांनी सामाजिक पूर्वग्रहाची नोंद केली आहे. चाळीस वर्षांपूर्वी फ्लोरेन्सच्या बाजारात वांगी व बडीशेपेचे कंद क्वचितच दिसत, कारण ते ज्यूंचे खाणे म्हणून हीन मानले जाई, असे ते सांगतात.

भाषाविषयक महत्त्व

इ.स. १८६१ मध्ये इटलीचे राजकीय एकीकरण झाले, तेव्हा बहुसंख्य लोक दैनंदिन व्यवहारात आपापल्या प्रादेशिक बोलीच वापरत. एकाच भाजीला किंवा मांसाच्या भागाला प्रांतागणिक वेगळे नाव होते, तर प्रतिष्ठित पाकग्रंथांत फ्रेंच संज्ञांचा भरणा असे. आर्तुझी यांनी फ्रेंच संज्ञा शक्य तेथे टाळून तोस्कानातील बोलीवर आधारित सुबोध इटालियन वापरली आणि इतर प्रांतांतील वाचकांसाठी तोस्कानी शब्दांचा अर्थकोश जोडला. त्यामुळे दूरच्या प्रांतांतील गृहिणींना एकमेकींचे पदार्थ समान नावांनी ओळखता आले. इ.स. १९७० मध्ये ग्रंथाची टीपांसह आवृत्ती संपादित करणारे अभ्यासक पिएरो कांपोरेझी यांनी राष्ट्रीय ऐक्याच्या दृष्टीने या ग्रंथाचे कार्य आलेस्सांद्रो मांझोनी यांच्या प्रसिद्ध कादंबरीपेक्षाही मोठे असल्याचे प्रतिपादन केले.

मर्यादा

ग्रंथाचा भर रोमान्या आणि तोस्काना या प्रदेशांवर आहे. दक्षिण इटलीतील पदार्थ त्यात तुलनेने कमी आहेत. लोणी, मांस व अंडी यांचा सढळ वापर पाहता तो सुखवस्तू मध्यमवर्गासाठी लिहिलेला असल्याचे स्पष्ट होते. त्याच काळात उत्तर इटलीतील गरीब शेतकरी मुख्यतः मक्याच्या पिठाच्या पोलेंतावर जगत आणि पेलाग्रा या कुपोषणजन्य रोगाला बळी पडत. त्यांचे जेवण या ग्रंथात क्वचितच दिसते.

मृत्यू आणि वारसा

आर्तुझी यांचे वयाच्या ९०व्या वर्षी फ्लोरेन्स येथे निधन झाले. त्यांचे दफन सान मिन्यातो अल मोंते येथील दफनभूमीत करण्यात आले. मृत्युपत्राद्वारे त्यांनी ग्रंथाचे हक्क रुफिल्ली आणि साबातिनी यांना दिले, तर जन्मगाव फोर्लिंपोपोलीसाठीही संपत्ती ठेवली. त्यांचे आत्मचरित्र इ.स. १९९३ मध्ये प्रकाशित झाले.

वाचकांची पत्रे फोर्लिंपोपोली येथे जतन केलेली आहेत. या गावात इ.स. १९९७ पासून दरवर्षी त्यांच्या नावाने खाद्यमहोत्सव भरतो. इ.स. २००७ मध्ये तेथे 'कासा आर्तुझी' ही घरगुती पाककलेला वाहिलेली संस्था सुरू झाली. संस्थेत हाताने पास्ता लाटण्यास शिकवणाऱ्या स्वयंसेवकांना मारिएत्ता साबातिनी यांच्या स्मरणार्थ 'मारिएत्ते' असे म्हणतात. घरगुती स्वयंपाक करणाऱ्या हौशी व्यक्तींना मारिएत्ता यांच्या नावाचा पुरस्कारही दिला जातो.