डॉ. शियाली रामामृत रंगनाथन

अभ्यासकेंद्राच्या ग्रंथालयात आपण एखादे पुस्तक मागता आणि ग्रंथपाल ते काही क्षणांत काढून देतात. या कामामागे रीतसर शिकण्याजोगे शास्त्र आहे, हा विचार आपल्या विद्यापीठांत रुजवणारे रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक होते. ग्रंथपालाची नोकरी त्यांना सुरुवातीस मुळीच रुचली नव्हती, हे आपण ध्यानात घ्यावे.

त्यांचा जन्म १८९२ मध्ये तंजावर जिल्ह्यातील शियाली येथे झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित शिकवीत. जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. वर्गातील गजबजीची सवय असलेल्या या शिक्षकाला तेथील एकांत असह्य झाला व त्यांनी परत अध्यापनाकडे जाऊ देण्याची विनंती केली. आधी इंग्लंडला जाऊन हे काम शिकून यावे, तरीही मन रमले नाही तर परतावे, असे ठरले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्विक सेयर्स हे त्यांना गुरू लाभले. तेथील सार्वजनिक ग्रंथालयांत मुले, कामगार, गृहिणी सहज वावरताना त्यांनी पाहिल्या. प्रचलित वर्गीकरणपद्धती मात्र त्यांना अपुऱ्या वाटल्या. एका दुकानात मेकॅनो हे खेळणे पाहताना त्यांना उपाय सुचला. त्याच त्या पट्ट्या आणि चाके वेगळ्या रीतीने जोडली की नवी वस्तू तयार होते. मग विषयही असेच मूळ घटकांतून का जोडू नयेत? त्यातून साकारलेले द्विबिंदू वर्गीकरण १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. भाषेच्या अभ्यासकाला येथे वाक्यरचना आठवल्यावाचून राहत नाही : घटक मोजके, जोडणीचे नियम ठरलेले, वाक्ये मात्र अगणित.

१९२५ मध्ये परतल्यावर गणिताकडे जाण्याची भाषा त्यांनी पुन्हा केली नाही. ग्रंथपालन शिकवण्यात आपल्याकडे अग्रमान बडोद्याचा. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून बोलावलेल्या बोर्डेन यांनी तेथे १९११ मध्येच प्रशिक्षणवर्ग उघडला होता. रंगनाथन यांच्या प्रयत्नाने १९२९ मध्ये मद्रास ग्रंथालय संघाचा उन्हाळी वर्ग सुरू झाला, १९३१ मध्ये तो विद्यापीठाने स्वीकारला आणि १९३७ मध्ये त्याची वर्षभराची पदविका झाली. ग्रंथपालनाची पाच सूत्रे मांडणारा त्यांचा ग्रंथही १९३१ चाच. ग्रंथ उपयोगासाठी असतात, हे त्यांतील पहिले सूत्र आज आपणास साधे वाटेल; पण पुस्तके कुलपात राखणे हेच ग्रंथपालाचे कर्तव्य मानणाऱ्या काळात ते साधे नव्हते.

पुढे त्यांनी बनारस व दिल्ली येथे अध्यापन केले. आयुष्यभराच्या बचतीतून एक लक्ष रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठास दिले व पत्नी शारदा यांच्या नावे ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापन केले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.