सॅचेल पेज आणि गुणवत्तेचा हिशेब

गुणवत्तेच्या नावाने उठताबसता गळा काढणाऱ्यांनी सॅचेल पेज या अमेरिकन बेसबॉलपटूचे चरित्र एकदा वाचावे, असे आम्हाला वाटते. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि सामन्याचे पारडे बहुतेक वेळा तोच फिरवतो. पेज हे असे पिचर होते. परंतु कातडी काळी, एवढ्या एका कारणावरून मुख्य लीगचे दार त्यांना वयाच्या ४२ व्या वर्षापर्यंत बंद राहिले.

७ जुलै १९०६ रोजी अलाबामा राज्यातील मोबिल शहरात एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रेल्वे स्टेशनवर प्रवाशांच्या बॅगा वाहणाऱ्या या पोराला पुढे सॅचेल, म्हणजे पिशवी, हेच नाव चिकटले. किरकोळ चोरीसाठी त्यांना बारा वर्षांचे असताना सुधारगृहात धाडण्यात आले. तेथील पाच वर्षांत ते पिचिंग शिकले आणि १९२६ पासून कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीगमध्ये खेळू लागले. मुख्य लीगमधील बंदी नियमांच्या पुस्तकात कोठेही लिहिलेली नव्हती. संघमालकांनी ती आपसात पाळली होती. वकिलीच्या व्यवसायात आम्ही हेच पाहतो की, लिहिलेला अन्यायी नियम कोर्टात खेचता येतो, न लिहिलेला मात्र हाती लागत नाही.

त्या काळी अजिंक्यपदाच्या सामन्यात पहिल्या पिचरने नऊच्या नऊ डाव टाकावेत अशी रीत होती. १९०५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ख्रिस्टी मॅथ्यूसन यांनी सहा दिवसांत तीन पूर्ण सामने टाकले आणि एकही धाव दिली नाही. आज ती रीत उरलेली नाही. आता प्रशिक्षक एका सामन्यात चार-पाच पिचर वापरतात. २०२० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये टॅम्पा बे संघाने उत्तम टाकत असलेल्या ब्लेक स्नेल यांना ७३ चेंडूंनंतर बाहेर काढले आणि सामना गमावला. पेज यांना मात्र १९४२ सालीच अशा तऱ्हेने वापरण्यात आले होते. कॅन्सस सिटी मोनार्क्सने होमस्टेड ग्रेज संघाला निग्रो वर्ल्ड सिरीजमध्ये ४-० असे हरवले, तेव्हा चारही सामन्यांत पेज यांनी चेंडू टाकला. कधी आरंभ करायला, कधी दुसऱ्याने सुरू केलेला सामना सावरायला. पण मुख्य लीगच्या दप्तरी त्याची नोंद नव्हती.

१९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन यांनी ही भिंत फोडली. पुढच्याच वर्षी क्लीव्हलँडने पेज यांना घेतले. त्या मोसमात त्यांनी सहा सामने जिंकले, एकच हरला. तरीही वर्ल्ड सिरीजमध्ये त्यांना एकाही सामन्याचा आरंभ करू दिला नाही. पाचवा सामना हातचा गेल्यावर, १० ऑक्टोबर १९४८ रोजी, ८६ हजारांवर प्रेक्षकांसमोर त्यांना चेंडू मिळाला. त्यांनी दोन फलंदाज बाद केले. वर्ल्ड सिरीजमध्ये चेंडू टाकणारे पहिले कृष्णवर्णीय पिचर ते ठरले, पण वाट्याला पुरता एक डावही आला नाही. १९६५ मध्ये, ५९ व्या वर्षी, त्यांनी मुख्य लीगमध्ये तीन डाव टाकून एकही धाव दिली नाही. तारुण्यात संधी मिळती तर काय घडले असते, याचा हिशेब कोणी द्यायचा?

१९७१ मध्ये हॉल ऑफ फेमने त्यांचा सन्मान करायचे ठरवले, तेही वेगळ्या दालनात! शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरून तेव्हा सतरा वर्षे उलटली होती. टीकेचा भडिमार झाला, तेव्हा कोठे त्यांना बरोबरीचे स्थान मिळाले. ८ जून १९८२ रोजी ते वारले. निग्रो लीगचे आकडे मुख्य लीगच्या अधिकृत नोंदीत आले ते २०२४ साली.

यावरून एकच गोष्ट ध्यानात घ्यावी. मैदान ज्यांच्या ताब्यात, वहीही त्यांच्याच हातात असते. म्हणून मैदानात उतरण्याच्या हक्काइतकाच नोंदीचा हक्कही लढूनच मिळवावा लागतो. गुणवत्तेचा निवाडा त्यानंतर.