आनंदीबाईंचा अर्ज

अर्ज हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे आणि मराठीतही. शाळेत प्रवेश हवा असो, की दाखला हवा असो, आपण अर्ज लिहितो. असाच एक अर्ज १८८३ साली महाराष्ट्रातील एका अठरा वर्षांच्या मुलीने अमेरिकेतील एका प्रसिद्ध कॉलेजला लिहिला. तिचे नाव आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी पुण्यात झाला. त्यांचे माहेरचे घर कल्याणला होते आणि नाव होते यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव पोस्टात नोकरीला होते आणि वयाने खूपच मोठे होते. बायकोने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. त्या काळात बायका शिकत म्हणून त्यांना मार बसे. या घरात अभ्यासात चूक झाली म्हणून मार बसे! गोपाळरावांचा हेतू चांगला होता, पण ही रीत चांगली होती असे कोण म्हणेल?

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. त्याला वेळेवर औषधोपचार मिळाला नाही. त्या काळी स्त्री डॉक्टर जवळपास नव्हत्याच. कित्येक बायका दुखणे अंगावर काढत, पण परपुरुषाला नाडी दाखवत नसत. आपणच डॉक्टर व्हायचे, हे आनंदीबाईंनी मनाशी ठरवले.

पण शिकायचे कुठे? गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहून मदत मागितली. तुम्ही ख्रिस्ती झालात तर मदत करू, असे उत्तर आले. जोशी पतिपत्नींनी ही अट मानली नाही. वाइल्डरसाहेबांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. आता योगायोग पाहा. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर एकदा दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे ते मासिक त्यांच्या हाती पडले. त्यांनी १८८० साली सरळ आनंदीबाईंना पत्र पाठवले. पुढे तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

तेव्हा गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली होती. बाई एकटी समुद्रापार जाणार हे कळताच लोक खवळले. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई स्वतः भाषणाला उभ्या राहिल्या. आपण अमेरिकेला का जातो हे त्यांनी लोकांना समजावून सांगितले. आपण धर्म सोडणार नाही, असेही त्यांनी बजावले. काही लोकांनी वर्गणी दिली. व्हाइसरॉयनीही दोनशे रुपये दिले. घरचे दागिने विकावे लागले. ७ एप्रिलला आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना घ्यायला कार्पेंटरमावशी आल्या होत्या.

लक्षात घ्या, अजून प्रवेश मिळालेलाच नव्हता! २८ जून रोजी त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला अर्ज लिहिला. स्त्रियांना डॉक्टरी शिकवणारे हे कॉलेज १८५० पासून चालू होते आणि जगातील अशा पहिल्या कॉलेजांपैकी एक होते. अर्जात आनंदीबाईंनी फुशारकी मारली नाही. कॉलेजच्या सगळ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकत नाही, हे त्यांनी आधीच कबूल केले. पण नातलगांचा आणि जातीचा विरोध सोसून आपण इतक्या दूर आलो आहोत, हा निर्धारही मोजला जावा, असे त्यांनी सुचवले. आपल्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून आपल्याला शिकायचे आहे, हेही त्यांनी लिहिले. अर्ज मंजूर झाला. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती, म्हणजे वजीफा, मिळाला. कॉलेजच्या प्रमुख डॉ. रॅचेल बॉडली यांनी त्यांची आईसारखी काळजी घेतली.

तरीही दिवस सोपे नव्हते. कडाक्याची थंडी, अंगावर साडी, जेवण शाकाहारी. खोली धड गरम होत नसे. तिथे त्यांना जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबुली या मैत्रिणी भेटल्या. तिघींचा आपापल्या देशी पोशाखातला १८८५ सालचा फोटो आजही पाहायला मिळतो.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाने आपल्या दवाखान्यातील स्त्रियांचा विभाग त्यांच्याकडे सोपवायचे ठरवले. पण आनंदीबाईंना क्षयाने गाठले होते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या त्या अंथरुणाला खिळूनच. कोल्हापूरच्या कामावर त्यांना जाताच आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पुरी व्हायलाही महिनाभर उरला होता.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा अमेरिकेला कार्पेंटरमावशींकडे पाठवली. मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी गावी, आपल्या घराण्याच्या कबरस्तानात ठेवली.