शिशाचा माग काढणाऱ्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन

साल 1910. शिकागोतल्या एका रुग्णालयात एक पोलिश कामगार दाखल होता. पोटात असह्य कळा येत होत्या आणि दोन्ही हात मनगटापासून लुळे पडले होते. लक्षणे शिशाच्या विषबाधेची होती. पण तो काम करत होता न्हाणीघरातल्या टबांना इनॅमलचा मुलामा देण्याचे, आणि त्या कामात शिशाचा संबंध येतो याची डॉ. हॅमिल्टन यांना तोवर कल्पना नव्हती. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन कारखाना पाहायला गेल्या. त्यांना जे दालन दाखवले गेले, तिथे शिशाचा मागमूस नव्हता. मग त्यांनी त्या कामगाराचे घर गाठले. तिथे कळले, की त्यांनी पाहिला तो फक्त शेवटचा हात फिरवण्याचा भाग होता. खरे काम दुसरीकडे चाले. भट्टीतून काढलेल्या लालबुंद टबावर कामगार इनॅमलची भुकटी शिंपडत आणि तिची धूळ त्यांच्या नाकातोंडात जाई. भुकटीचा नमुना मिळवून तपासला, तर त्यात तब्बल 20 टक्के विरघळणारे शिसे निघाले.

अ‍ॅलिस यांचा जन्म 1869चा. मिशिगन विद्यापीठातून 1893 मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली आणि पुढे जर्मनीत जाऊन जीवाणूशास्त्राचा अभ्यास केला. 1897 मध्ये त्या शिकागोत शिकवू लागल्या आणि जेन अ‍ॅडम्स यांच्या ‘हल हाउस’ या सेवाभावी संस्थेत राहायला गेल्या. भोवती स्थलांतरित कामगारांची वस्ती होती. कोणाचे हात लुळे, कोणाला धाप, कोणी ऐन तारुण्यात अंथरुणाला खिळलेला. या आजारांचे मूळ कारखान्यांत असावे, हे त्यांना तिथेच जाणवू लागले.

त्या काळी अमेरिकेत कामावर इजा झालेल्याला भरपाई मिळवायची, तर मालकाविरुद्ध खटला भरावा लागे. मालकाच्या हाती तीन ढाली असत. कामातला धोका कामगाराने पत्करलाच होता, चूक सोबतच्या कामगाराची होती, किंवा जखमी स्वतःच निष्काळजी होता. यांपैकी एक जरी न्यायालयाला पटली, तरी दावा बुडे. यंत्रात तुटलेला हात निदान चार जणांना दिसतो. महिनोन्‌महिने श्वासावाटे शरीरात साठलेले शिसे कोण पाहणार? कामगार दारू पितात, हात न धुता जेवतात, असे म्हणून मालक मोकळे होत.

इलिनॉय राज्याने व्यवसायजन्य आजारांच्या पाहणीसाठी आयोग नेमला आणि 1910 मध्ये त्या पाहणीची सूत्रे अ‍ॅलिस यांच्याकडे आली. शिशाचा शोध त्यांनी स्वतःकडे ठेवला. रुग्णालयांच्या नोंदी चाळल्या, औषधविक्रेत्यांना आणि धर्मगुरूंना विचारले, कामगारांची घरे पालथी घातली. कारखान्यात मालकाच्या देखत कामगार तोंड उघडत नसत, घरी मात्र ते आणि त्यांच्या बायका बोलत. ऐकीव माहिती मात्र त्यांनी जमेस धरली नाही. हिरड्यांवर शिशाची काळसर निळी रेघ दिसली, किंवा डॉक्टरांनी स्पष्ट निदान केले असले, तरच तो रुग्ण मोजला. शिसे वापरणाऱ्या सत्तरहून अधिक प्रक्रिया आणि विषबाधेचे पाचशेहून अधिक रुग्ण त्यांनी नोंदवले. मुख्य धोका न धुतलेल्या हातांचा नसून हवेतल्या धुळीचा आणि वाफांचा आहे, हेही त्यांनी दाखवून दिले.

या पुराव्याने काय साधते, हे एडवर्ड कॉर्निश यांच्या बाबतीत दिसले. शिसे उद्योगातले हे बडे अधिकारी. आपल्या कारखान्यात माणसे आजारी पडतात, हे त्यांना मान्यच नव्हते. अ‍ॅलिस यांनी 22 रुग्णांची खात्रीशीर माहिती समोर ठेवली. कॉर्निश यांनी दिलेला शब्द पाळला. धूळ रोखण्याची व्यवस्था केली आणि कामगारांच्या तपासणीसाठी डॉक्टर नेमले.

त्याच वर्षी ब्रुसेल्सच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अमेरिकेच्या अनास्थेवर बोट ठेवले गेले. ब्रिटनने 1906 मध्येच शिसेबाधेला भरपाईच्या यादीत घेतले होते. इलिनॉयने 1911 मध्ये कायदा करून धोकादायक कामांत सुरक्षेची साधने, दरमहा वैद्यकीय तपासणी आणि आजारांची नोंद बंधनकारक केली. राज्याचा भरपाईचा कायदाही त्याच वर्षी झाला. त्याचा रोख मात्र अपघातांवर होता. आजारांना त्या छत्राखाली आणायला अमेरिकेतल्या राज्यांना पुढे बरीच वर्षे लागली.

अ‍ॅलिस यांनी पुढे केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली. युद्धकाळात स्फोटकांचे कारखाने पाहिले. इंडियानातल्या दगडफोड्यांची बोटे हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यांनी पांढरी आणि बधिर का होतात, याचाही त्यांनी अभ्यास केला. 1919 मध्ये त्या हार्वर्ड विद्यापीठाच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. पण पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचे नाही, अशी अट होती. 1935 मध्ये त्या निवृत्त झाल्या, तेव्हाही पद सहायक प्राध्यापकाचेच होते.

भारतात 1923च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने ब्रिटनचीच वाट धरली. व्यवसायजन्य आजारांची यादी परिशिष्टात आली आणि शिसेबाधेला तिच्यात स्थान मिळाले. ठरावीक कामावर असताना यादीतला आजार जडला, तर तो कामावर झालेली इजा मानला जाऊ लागला. तरीही यादीचा उपयोग निदान झाले तरच होतो. बॅटरी, रंग किंवा भट्टीचे काम करणाऱ्याच्या केसपेपरवर नुसती पोटदुखी लिहिली गेली आणि कामाचा उल्लेखच राहिला, तर भरपाईचा दावा पहिल्याच पायरीवर लंगडा पडतो. म्हणून आपण नेमके काय काम करतो, हे डॉक्टरांना सांगणे आणि डॉक्टरांनी ते विचारून लिहून ठेवणे, दोन्ही गरजेचे आहे.

डॉ. हॅमिल्टन 22 सप्टेंबर 1970 रोजी वयाच्या 101व्या वर्षी वारल्या. त्याच वर्षीच्या 29 डिसेंबरला कामाच्या जागी सुरक्षा आणि आरोग्य राखण्याचा देशव्यापी कायदा अमेरिकेत मंजूर झाला.