लाव्हाझिए व त्याचा तराजू

रासायनिक समीकरण मांडून आम्ही मूळ पदार्थाच्या वजनावरून निष्पन्न होणाऱ्या पदार्थाचें वजन काढतों. हें गणित ज्या पायावर उभें आहे, तो पाया घालणाऱ्या पुरुषाचें चरित्र वाचकांस येथें सादर करीत आहों.

आंत्वान लाव्हाझिए याचा जन्म पॅरिस शहरीं ता. २६ ऑगस्ट १७४३ रोजीं एका सधन वकिलाच्या घरीं झाला. कुलपरंपरेस अनुसरून त्यानें कायद्याची पदवी घेतली खरी, पण त्याचें मन रमलें तें रसायनशास्त्रांत. १७६८ सालीं तेथील विज्ञान-परिषदेनें त्यास सभासद करून घेतलें. त्याच वर्षीं राजाचे कर वसूल करणाऱ्या मक्तेदारांच्या मंडळींत तो भागीदार झाला. या उत्पन्नांतून त्यानें उत्तमोत्तम तराजू करविले, आणि याच मक्त्यानें पुढें त्याचा घात केला. १७७१ सालीं त्याचा विवाह झाला. पत्नी मारी तेरा वर्षांची होती. पण तिनें इंग्रजी शिकून पतीसाठीं रसायनविषयक लेखांचीं भाषांतरें केलीं व त्याच्या ग्रंथांतील आकृत्या स्वहस्तें काढल्या.

त्या काळीं ज्वलन म्हणजे पदार्थांतून फ्लॉजिस्टन नामक द्रव्य निघून जाणें, असें पंडित मानीत. मग धातूचें भस्म मूळ धातूहून जड कां भरतें? लाव्हाझिएनें चार औंस पारा कोंडलेल्या हवेच्या सान्निध्यांत बारा दिवस तापविला. वर तांबडें भस्म जमलें, तें भरलें ४५ ग्रेन. हवा सुमारें एक षष्ठांशानें घटली. तेंच भस्म अधिक तापवितां ४१½ ग्रेन पारा परत मिळाला, आणि बाकीचें वजन प्राणवायूच्या रूपानें बाहेर पडलें.

आज आम्हांस अणुभार ठाऊक आहेत: पारा २००.६, प्राणवायु १६. अर्थात् भस्माच्या २१६.६ भागांत पारा २००.६ भाग. त्रैराशिक मांडिलें असतां ४५ ग्रेन भस्मांतून पारा ४१.७ ग्रेन व प्राणवायु ३.३ ग्रेन निघावयास पाहिजे. लाव्हाझिएपाशीं अणुभारांचें कोष्टक नव्हतें. दाल्टनचा अणुवाद त्याच्या मृत्यूनंतरचा. तरीही त्याच्या पाऱ्याच्या वजनांत पाव ग्रेनाचाही फरक नाहीं!

या भस्मांतून निघणाऱ्या वायूची वार्ता १७७४ सालीं प्रीस्ट्ले यानें पॅरिस येथें त्यास सांगितली होती. हें ऋण लाव्हाझिएनें मोकळ्या मनानें मान्य केलें नाहीं, हा दोष झांकण्याचें आम्हांस प्रयोजन दिसत नाहीं.

१७८९ सालीं त्याचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. साखर आंबून तिचें मद्य होतांना आरंभीचें व शेवटचें वजन सारखेंच राहतें, हा जमाखर्च त्यानें त्यांत मांडिला. त्याच सुमारास जर्मनींत रिख्टर या विद्वानानें पदार्थांच्या संयोग-प्रमाणांचा अभ्यास चालविला, आणि या गणितास १७९२ सालीं स्टॉइकिओमेट्री हें नांव दिलें.

इतक्यांत फ्रान्समध्यें राज्यक्रांतीचा वणवा पेटला होता. करांचे मक्तेदार प्रजेच्या रोषास पात्र झाले. १७९३ च्या नोव्हेंबरांत लाव्हाझिएस कैद झाली, ता. ८ मे १७९४ रोजीं चौकशी, शिक्षा व शिरच्छेद हीं तिन्ही एकाच दिवशीं उरकण्यांत आलीं. त्याच्यासह अठ्ठावीस मक्तेदार मारले गेले. त्यांत त्याचा सासराही होता. एकाच दिवशीं पित्यास व पतीस मुकलेल्या मारीनें पुढें पतीचे अपुरे राहिलेले निबंध स्वतः छापवून विद्वानांस वांटले.