बेंजामिन फ्रँकलिनची वही

बेंजामिन फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरी झाला. वडील मेणबत्त्या व साबण तयार करीत. त्यांना एकंदर १७ अपत्ये. त्यामुळे बेंजामिनला दहाव्या वर्षीच शाळा सोडावी लागली. बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करू लागला.

शाळा सुटली, पण विद्येची ओढ सुटली नाही. पुस्तकांच्या दुकानांत काम करणाऱ्या मुलांशी त्याने स्नेह जोडला. संध्याकाळी मागून आणलेले पुस्तक तो रात्री जागून वाची व सकाळी परत करी. लेखन सुधारावे म्हणून त्याने स्वतःच एक युक्ती योजिली. चांगला निबंध वाचून त्यातील प्रत्येक वाक्याचा आशय तो थोडक्यात टिपून ठेवी. काही दिवसांनी त्या टिपणांवरून तोच निबंध आपल्या शब्दांत लिही आणि मग मुळाशी ताडून स्वतःच्या चुका दुरुस्त करी.

सतराव्या वर्षी तो फिलाडेल्फियास गेला व पुढे तेथे त्याने स्वतःचा छापखाना काढला. स्वभावातील दोषही काढून टाकावेत, असा विचार तरुणपणीच त्याच्या मनात आला. मिताहार, मितभाषण, व्यवस्थितपणा, काटकसर, उद्योग, सचोटी, न्याय इत्यादी १२ गुण त्याने निवडले. एका मित्राने गर्विष्ठपणाची जाणीव करून देताच विनय हा तेरावा गुण त्यात घातला.

मग त्याने एक छोटी वही केली. प्रत्येक पानावर १३ गुणांच्या १३ ओळी व आठवड्याच्या वारांचे ७ रकाने आखले. रोज दिवसभराचे वर्तन आठवून, जेथे चूक झाली असेल तेथे तो काळा ठिपका देई. सारे गुण एकदम अंगी बाणत नाहीत, हे तो ओळखून होता. म्हणून एका आठवड्यात एकाच गुणाकडे तो विशेष लक्ष पुरवी. अशा रीतीने वर्षात ४ फेऱ्या पूर्ण होत. आपले दोष कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक आहेत, हे पाहून तो चकित झाला. ठिपके खोडून खोडून कागदास भोके पडली; तेव्हा त्याने हस्तिदंती पाने घेतली व ठिपके ओल्या स्पंजाने पुसू लागला. व्यवस्थितपणा तर त्याला जन्मभर साधला नाही. पुढे कामाच्या व्यापात नोंदी मागे पडल्या, तरी ती वही तो सदैव जवळ बाळगी.

एक मोठा अन्याय मात्र त्याला फार उशिरा उमगला. त्याच्या स्वतःच्या घरी गुलाम होते व त्याच्या वृत्तपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. उतारवयात त्याचे मत पालटले. १७८७ मध्ये तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. फेब्रुवारी १७९० मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, गुलामगिरी नष्ट करावी असा अर्ज त्याने देशाच्या संसदेकडे धाडला. तो मान्य झाला नाही. १७ एप्रिल रोजी फ्रँकलिनचे देहावसान झाले. स्वतःला सुधारण्याचे त्याचे काम तोवर चालूच होते.